डोमाजींनी न पाहिलेलं वावर

पटवारी या प्राण्याबद्दल लोकांचं मत बरं नसतं. मी स्वतः उभी हयात पटवारीगिरीत काढली, त्यामुळे लोकांचं मत बरोबर आहे हे मी शपथेवर सांगू शकतो. ज्याच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानं गावातली जमीन याची त्याची होते, त्याच्या घरी गूळ, तूप आणि हंगामात वांगी विकत आणावी लागत नाहीत. आमच्या घरीही लागली नाहीत. म्हणून डोमाजींवर लिहायला बसलो तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या मानसावर लिवाले तुमीच भेटले का जी?" तिचं चुकत नाही. पण त्यांच्याबरोबर काम केलेला माणूस आता दुसरा कोणी राहिलेला नाही, तेव्हा वाचकांनी माझ्यावरच भागवून घ्यावं.

तेव्हा नुकतं स्वातंत्र्य मिळालं होतं आणि मालगुजारी मोडायची बोलणी चालू होती. गावच्या गाव एकेका मालगुजाराच्या नावावर असायचं. तो सरकारला सारा भरायचा आणि रयत त्याच्याकडून वावर घेऊन पेरायची. आमची तहसील सौंसर, नागपूरच्या उत्तरेला; पांढुर्णाही त्या वेळी तिच्यातच होतं. पटवाऱ्याकडे पाच-सहा गावं सोपवलेली असत, त्याला हलका म्हणायचे. माझा हलका जामसांवलीच्या अंगाला होता, डोमाजींचा रामाकोन्याकडे. नियम असा होता की पटवाऱ्यानं हलक्यातच राहावं. डोमाजी राहत. मी सौंसरात भाड्यानं राहायचो, कारण तिथे चहाची हॉटेलं होती.

ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. अंगानं किरकोळ, रंगानं काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी, आणि काखेत छत्री. त्या छत्रीच्या दोन काड्या बाहेर आलेल्या असायच्या आणि शेजारून चालणाऱ्यानं आपला डोळा सांभाळावा लागे. मला ते "बावा" म्हणायचे. खरं तर सगळ्यांनाच म्हणायचे, नायब तहसीलदार साहेबांना सोडून. वर्षअखेरीचे तक्ते जुळवायला मी दरसाल त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचो. माझे तक्ते कधी जुळत नसत, त्यांचे जुळत. यात त्यांच्या हुशारीचा भाग थोडा आणि पायांचा फार होता.

पेरणी झाली की पटवाऱ्यानं हलक्यातल्या प्रत्येक वावरात जाऊन उभं राहायचं, काय पेरलं आणि कोणी पेरलं ते डोळ्यांनी पाहायचं आणि खसऱ्याच्या वहीत लिहायचं. याला गिरदावरी म्हणतात. सरकारनं ती आमच्यासाठी ठरवली, आणि आम्ही ती कोतवालासाठी ठरवली. मी माझ्या कोतवालाला ओसरीवर बसवून चहा पाजायचो. तो तोंडानं गाव सांगत जायचा, मी लिहीत जायचो. चार दिवसांत सहा गावं हातावेगळी. तहसिलीतले बहुतेक पटवारी असंच करत. चुकलं तर वावर काही उठून तक्रार करायला येत नाही.

डोमाजी मात्र चालायचे. कपाशीच्या चिखलात धोतर गुडघ्याच्या वर खोचून, चपला हातात घेऊन, एकेक वावर. मी एकदा थट्टेनं विचारलं की एवढं चालून सरकार तुम्हाला चपला देतं का. ते म्हणाले, "कागद आंधळा असते बावा. त्याले वावर दाखवून आनावं लागते."

धुऱ्याचं भांडण आलं की त्यांची एक रीत होती. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. दोन्ही शेजाऱ्यांनी त्यावर पाय ठेवून, मोठ्यानं, "इथवर माझं, त्याच्यापुढं याचं" असं म्हणायचं, आणि मगच ते लेखणी काढणार. एकानं म्हटलं आणि दुसरा गप्प राहिला, तर डोमाजीही गप्प बसायचे. एका गावात दोघे सख्खे भाऊ होते, सात वर्षांचा अबोला. सकाळी मोजणी झाली. धाकट्यानं म्हटलं, थोरला तोंड उघडेना. डोमाजींनी फडकं सोडून भाकर खाल्ली, छत्री डोळ्यांवर घेतली आणि धुऱ्यावर चक्क झोपले. उन्हं कलली तरी उठेनात. शेवटी थोरला भुकेनं कावला आणि ओरडला, "हाव, इथवर माझं! आता उठा नं जी, घरी जाऊ द्या!" डोमाजी उठले, लिहिलं, आणि धाकट्याला म्हणाले, "पाह्य, बोलला तुझा भाऊ." ते दोघे त्या दिवशी एकाच वाटेनं घरी गेले म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण डोमाजींबद्दल कोणी काही सांगितलं तर आम्ही खरं धरायचो.

त्यांच्याबरोबर चालताना माणसाला वावर वाचायला यायचं. मालगुजाराच्या गावांत मैलभर चाललं तरी धड झाड दिसायचं नाही. मी म्हणायचो, इथली माती हलकी असेल. ते एका ठिकाणी वाकले, ढेकूळ उचललं, माझ्या हातावर फोडलं. काळीभोर माती. "मातीले काय झालं? ज्याले पुढच्या सालाचा भरोसा नाही, तो मिरची लावते. ज्याले दोन सालाचा भरोसा आहे, तो तूर लावते. संत्रा पाच-सहा साल काहीच देत नाही, नुसतं पानी पेते. मंग संत्रा कोन लावन, सांग?" रयतेनं झाड लावलं की उद्या ती हक्क सांगेल, अशी मालगुजाराला भीती असे. विहिरीचंही तेच. त्यामुळे झाड लावायची मनाई होती, आणि मनाई नव्हती तिथे कोणाची छाती नव्हती.

एकदा वरून हुकूम आला की उत्पन्न वाढवायचं आहे, फळझाडं लावा. गाडीभर कलमं आली, फुकट वाटली, बैलाच्या शिंगांना बेगड लावून मिरवणूकसुद्धा निघाली. उन्हाळ्यात पाहणीला साहेब आले तेव्हा सगळी कलमं वाळून काटक्या झालेल्या. साहेब रयतेवर चिडले, आळशी म्हणाले. डोमाजी मागे छत्री धरून उभे होते. ते हळूच बोलले, "साहेब, झाडाले पानी लागते हे खरं. पन पानी टाकनाऱ्याचं कुठंतरी नाव लागते." साहेबांना मराठी कमी येत होतं, हे आमचं नशीब.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायची म्हणजे मला थोडी लाजच वाटते, पण ती सांगितल्याशिवाय डोमाजी सांगून होत नाहीत.

मालगुजारी मोडायचा कायदा झाला. साध्या शब्दांत सांगायचं तर, मालगुजार स्वतः वाहत असेल ती जमीन त्याच्याकडे राहणार, आणि रयत वाहत असेल तिथे रयतेचा हक्क लागणार. कोण वाहत होतं, ते खसऱ्यातल्या ठरावीक सालच्या नोंदीवरून पाहायचं. आणि नेमक्या त्या साली पावसाळ्यात डोमाजी हिवतापानं पडले. महिनाभर अंथरुणावर. नोकरीत पहिल्यांदाच त्यांची गिरदावरी चुकली. वही द्यायची मुदत आली तेव्हा एका गावच्या मालगुजाराचे दिवाणजी स्वतः घरी आले, तब्येत विचारली, आणि गावच्या पेऱ्याची तयार यादी उशाशी ठेवून गेले. डोमाजींनी अंथरुणात बसूनच ती वहीत उतरवली. गावाचं आणि मालगुजाराचं नाव मी मुद्दाम घेत नाही; त्यांची नातवंडं भली माणसं आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात मी तक्ते जुळवायला त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. तेव्हा सगुणाबाई आली. चाळिशीची असेल, उन्हातून आलेली, पदरानं तोंड पुसत खालीच बसली. तिच्या नवऱ्यानं त्या मालगुजाराचं एक वावर बारा-पंधरा वर्षं पेरलं होतं, सगळं तोंडी बोलीवर. त्याच साली चैत्रात नवरा वारला. मालगुजाराचं म्हणणं असं की रयत मेली, आम्ही वावर परत घेतलं आणि आमच्या बैलांनी पेरलं. पुरावा काय, तर डोमाजींची वही. सगुणाबाईला कोणीतरी ते वाचून दाखवलं होतं.

मला वाटलं, बाई आता शिव्या देणार. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"पटवारीजी," ती म्हणाली, "तुमी लिवलं म्हन्जे खरंच असन. तुमी काही खोटं लिवत नाही. पन मंग मीनं पेरलं ते कोनाचं वावर होतं जी? दिराचे बैल आनले होते. कपाशी होती. येचली बी मीनंच. मले सांगा, मले तं काही समजूनच नाही रायलं."

डोमाजींच्या हातातली लेखणी तशीच राहिली. मी इतकी वर्षं लोकांना पटवाऱ्यांवर संशय घेताना पाहत आलो, पण पटवाऱ्याच्या अक्षरापुढे आपल्याच हातांवर संशय घेणारी बाई मी ती एकच पाहिली. डोमाजींनी वही मिटली. मग एवढंच म्हणाले, "तुझंच वावर होतं, बाई. मीच नाही आलो." ती गेली. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

मी त्यांना शहाणपण शिकवायला बसलो. म्हटलं, डोमाजी, ब्लेडनं एक ओळ खरवडायला कितीसा वेळ लागतो? त्याच सालची शाई माझ्याकडे आहे. बाईचं नाव घाला, कोणाच्या बापाला कळणार नाही. आमच्या धंद्यात हे काही नवल नव्हतं, आणि इथे तर सत्कर्मच होतं. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मीच तक्त्यात डोकं घातलं. "एक खोटं खोडाले दुसरं लिवू? मंग हे वही कोन्या कामाची, बावा? चुलीत टाका लागन."

"मग काय कराल? उभं राहून सांगाल, की मी घरी बसून लिहिलं? नोकरी जाईल. घरी दोन पोरी आहेत लग्नाच्या."

"त्याचाच इचार करून रायलो," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सुनावणी त्याच गावच्या शाळेच्या ओसरीवर झाली. साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे. गाव सगळं जमलेलं, पण मालगुजाराच्या विरुद्ध बोलायला कोणी तयार नव्हतं. मालगुजारानं नागपूरहून वकील आणला होता, मोठा गोड माणूस. त्यानं घटकाभर फक्त डोमाजींची स्तुती केली. सबंध तहसिलीत हा एकच पटवारी चिखल तुडवतो, याच्या अक्षरावर लोक आपसातली भांडणं मिटवतात, याची नोंद म्हणजे देवळातला शब्द. सगळे माना डोलवत होते. प्रत्येक शब्द खरा होता, आणि प्रत्येक शब्दागणिक सगुणाबाईचं वावर लांब चाललं होतं.

साहेबांनी वही पुढे केली. "पटवारीजी, यह लिखावट आपकी है?"

"हाव साहेब, अक्षर माझं आहे," डोमाजी म्हणाले. "पन हे खोटं आहे. मी त्या साली या वावरात गेलोच नाही. बिमार होतो. दिवानजीनं यादी देल्ली, ते मीनं घरी बसून उतरवली. या पुऱ्या गावाची त्या सालची नोंद तशीच आहे."

 वकील अर्धवट उठला आणि परत बसला. आत्ताच इतकी स्तुती केलेल्या माणसाला खोटारडा कसा म्हणायचा? साहेबांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आप जानते हैं, इसका नतीजा क्या होगा?" डोमाजी "हाव" म्हणाले आणि टोपी नीट करून उभे राहिले.

तेवढ्यात मागून एक शेतकरी उठला. सगुणाबाईच्या धुऱ्याला धुरा असलेला. "साहेब, डोमाजीचंच लिवलेलं खोटं निंगालं, तं आमी काहून तोंड दाबून बसाव? त्या बाईनंच पेरलं होतं. मी रोज पाहून रायलो होतो." मग दुसरा उठला, मग तिसरा. मालगुजारापेक्षा त्यांना डोमाजींच्या अक्षराचाच धाक जास्त होता, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी गावाची नवी चौकशी लावली. सगुणाबाईला वावर मिळालं, आणि तिच्याबरोबर त्याच यादीत बुडालेल्या आणखी काही जणांना.

डोमाजींना मिळालं निलंबन. सहा महिन्यांनी परत घेतलं, पण पगारवाढ कायमची थांबली आणि सर्व्हिस बुकात तांबड्या शाईचा शेरा बसला. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. पुढे कुठल्याही खटल्यात त्यांची नोंद निघाली की समोरचा वकील म्हणायचा, हा तोच, घरी बसून लिहिणारा. तहसिलीत आम्ही मंडळी त्यांना "घरबसे" म्हणायला लागलो. ज्यांच्या चपलांना हलक्याचा चिखल कधी लागला नव्हता, ते हसायचे. हसणाऱ्यांत मी होतो. हे लिहितानाही मला माझी चीड येते.

त्यांनी चालणं सोडलं नाही. उलट पेन्शनीत निघेपर्यंत प्रत्येक वावरात शेजाऱ्याला बोलावून लिहिलेलं वाचून दाखवायचे, "ऐकून घे बावा, एकदा चुकलो आहो," असं म्हणून. मधे राज्यांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी राज्यात राहिलो. तहसिलीत मोठी चर्चा, रडारड, हळूहळू कागदही हिंदीत गेले. डोमाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढा मोठा धुरा टाकला, अन् एकाही शेजाऱ्याले उभं नाही केलं!" दुसऱ्या दिवसापासून ते हिंदी शुद्धलेखन गिरवायला बसले. म्हणायचे, सरकार कोणाचंही असो, सगुणाबाईचं नाव नीट लिहिलं गेलं पाहिजे.

सगुणाबाईनं वावर नावावर लागल्याच्या दुसऱ्याच साली विहीर खणायला घेतली. संत्र्याची कलमं लावली. पाणी लागेपर्यंत ओढ्यावरून घागरी आणायची. लोक म्हणायचे, बाई वेडी झाली, पाच-सहा साल खाणार काय? तिनं मधल्या जागेत हरभरा पेरून ती वर्षं काढली. पहिला आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, आला तेव्हा बघायला सबंध गाव गेलं, आणि पुढच्या दोन-तीन सालांत त्या गावात दिसेल तिथे कलमं लागली. आज त्या बाजूनं गेलात तर संत्र्याचे बगीचे, पक्की घरं, शिकून लांब गेलेली पोरं दिसतील. देश कशानं वर येतो यावर शिकलेली माणसं पुष्कळ बोलतात. मला तेवढं कळत नाही. मला इतकंच ठाऊक आहे की माझ्या हलक्याची माती आणि डोमाजींच्या हलक्याची माती एकच, पाऊस एकच, बाजार एकच. बगीचे त्यांच्याकडे झाले. माझ्याकडे खटले झाले.

ते पेन्शनीत गेल्यावर आठ-दहा वर्षांनी एका शनिवारी मला जामसांवलीच्या वाटेवर भेटले. मारुतीच्या दर्शनाला चालत निघालेले, फार वाळलेले. मी सायकलवरून उतरलो आणि बरोबर चालू लागलो. वाटेत एक मोठं वावर लागलं, चांगल्या काळ्या मातीचं, कंबरभर तरोट्याचं तण माजलेलं. ते थांबले.

"कोनाचं हे?"

"कोर्टात आहे," मी म्हणालो. "मालगुजार म्हणतो माझं. पेरणारा म्हातारा म्हणत होता माझं. म्हातारा मेला. आता त्याची पोरं भांडतात."

"कायच्यावरून अटकलं?"

"त्या सालच्या खसऱ्यावरून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वावराकडेच पाहत राहिले. "गिरदावरी कोनाची होती?"

"माझी."

"पाह्यलं होतं का, बावा?"

मी वाकून सायकलची साखळी पाहू लागलो. माझ्या नोकरीची तेव्हा दोनच वर्षं उरली होती. डोमाजी रागावले नाहीत, की मला कमी लेखल्यासारखंही काही बोलले नाहीत. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून सांगता येते." मग ते निघाले. मी सायकल धरून तिथेच उभा राहिलो. ते एकटेच हळूहळू चालत गेले, एकदाही मागे वळले नाहीत. त्याच हिवाळ्यात ते गेले.

मी दोन्ही वर्षं गप्प राहिलो, आणि पेन्शन घेत पुढची सगळी. ते वावर अजून तसंच पडलं आहे. तेव्हा, कोर्टात चालेल न चालेल, इथे माझ्या अक्षरात लिहून ठेवतो: त्या साली मी त्या वावरात गेलो नव्हतो. कोतवालालाही विचारलं नव्हतं; यादी तिथल्या मालगुजाराच्या दिवाणजींनी दिली होती. पेरत होता तो म्हातारा.